बंद घरातली थोरली

देगलूरच्या बाजारात ‘वीरण्णा किराणा’ म्हणून एक दुकान हाय. पाटीवर नाव वीरण्णाचं, पण वीरण्णा जाऊन छप्पन्न वर्षं उलटली. तेव्हापासून त्या गल्ल्यावर बसली ती त्यांची बायको, नीलम्मा. माझ्या नवऱ्याची चुलती. आम्ही सगळे तिला अव्वा म्हणतो. अव्वा म्हणजे आई, आणि माझ्या नवऱ्याच्या बाबतीत ते खरंच हाय.

वीरण्णा गेले तेव्हा अव्वा सव्वीस वर्षांची होती, पदरात दोन वर्षांची तारामती. पुढच्याच वर्षी धाकटा दीर रामलिंग काविळीनं गेला. त्याची बायको आधीच बाळंतपणात गेलेली. मागं राहिला चार वर्षांचा सिद्धेश्वर, म्हणजे आमचे मालक. माहेरचे लोक अव्वाला न्यायला आले होते. ती म्हणाली, “दोन लेकरं आणि एक दुकान, तिन्ही घेऊन चला, मग येते.” तिन्ही कोण नेणार? आले तसे परत गेले. ह्या बाईनं गिऱ्हाइकाशी मराठीत बोलावं, तेलंगणातल्या माणसाशी तेलुगूत आणि बिदरकडच्याशी कानडीत, आणि तिन्ही भाषांत शिव्याही देता येत होत्या तिला. तांदळाच्या पोत्यावर टेकून सिद्धेश्वरचा अभ्यास घेतला तिनं. तो नांदेडात हेडमास्तर झाला. आता रिटायर झाला आणि त्याला पूर्वज सुचले.

झालं असं की आमच्या अमरेशला मुलगा झाला. अमरेश पुण्याला असतो. त्यानं लॅपटॉपवर वंशावळ करायला घेतली आणि बापलेक दोघं त्यातच गुंतले. नावं कुठून आणायची? तर हेळव्याकडून. हेळवी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या आमच्यासारख्यांच्या घराण्यांची नावं वहीत लिहून ठेवणारे लोक. पूर्वी दरवर्षी बैलावर बसून देगलूरला यायचे, अव्वाच्या ओट्यावर उतरायचे, तिच्या हातचं खायचे, सुपानं ज्वारी न्यायचे. वीस वर्षांपासून येणं बंद झालं. आता म्हातारा हेळवी गेला, पण त्याचा मुलगा किल्लारीच्या अलीकडं एका गावात घर करून राहिलाय, वह्या त्याच्याकडं हायत, असं कळलं.

एका रविवारी अंधार असतानाच नांदेडहून निघालो. गाडी आमच्या पुनमची. पुनम अमरेशहून तीन वर्षांनी मोठी, एकतीसची, दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते. गाडी तिनंच घेतलीय आणि चालवतेही तीच, कारण अमरेशला पुण्यात राहून गाडी येत न्हाई आणि ह्यांचं कंबरडं धरतं. सुट्टीवर आलेला अमरेश पुढं लॅपटॉप मांडीवर घेऊन, मी आणि हे मागं. देगलूरला अव्वाला घेतलं. तारामती दुकान उघडून पायरीवरच उभी होती. “तू चल की,” मी म्हणले. ती म्हणाली, “बाजाराचा दिवस हाय वहिनी, शटर बंद ठेवून कसं चालंल?”

अव्वाला न्यायचं कारणही सांगते, म्हणजे तुम्हालाही कळंल. ह्या हेळव्यांच्या वहीचा रिवाज असा, की खानदानातली सगळ्यात थोरली सून विभूतीत तीन बोटं बुडवून वहीला लावत न्हाई तोवर नवीन नाव चढत न्हाई. थोरली आता अव्वाच. तिला हौसेनं नेलं न्हाई, तिच्या तीन बोटांसाठी नेलं.

अव्वाला ते ठाऊक होतं. उदगीरच्या पुढं चहाला थांबलो तेव्हा ती माझ्याजवळ सरकून म्हणाली, “अंबिका, मला एकच पायजे. वीरण्णाच्या नावाखाली तारीचं नाव एकदा कानानं ऐकायचंय. मग मी मोकळी.” डोळे नुसते चमकत होते. नवं लुगडं नेसली होती, हेळव्याला द्यायला ज्वारीचं गाठोडंही बांधून आणलं होतं. मी म्हणले, “असंलच की अव्वा.” मला काय माहीत!

हेळव्याचं घर साधं, पुढं पत्र्याचं शेड. माणूस साठीचा. अव्वाला बघितल्याबरोबर पाया पडला. “शरणु अव्वा! लहानपणी बापासंगं येऊन तुमच्या हातचं पिठलं लई खाल्लंय.” पत्र्याच्या पेटीतून वही काढली, अगरबत्ती लावली आणि सुरात वाचायला लागला. पहिलंच नाव शिवम्मा. बिदरच्या बाजूच्या कल्याणहून दोन पोरं घेऊन आली, नवऱ्याचं नाव ठाऊक न्हाई. मी अमरेशच्या स्क्रीनकडं बघितलं. सगळ्यात वर त्यानं चौकोन केला आणि त्यात लिहिलं ‘अज्ञात पुरुष’. त्याच्या खाली दोन पोरं. शिवम्मा कुठंच न्हाई.

“अरे, बाईचं नाव सांगितलं ना त्यांनी?” मी म्हणले.

“मम्मी, घराणं बापावरनं चालतं. नंतर बघू.”

जो माणूस कुणाला माहीत न्हाई त्याला चौकोन, आणि जी दोन पोरं कडेवर घेऊन चालत आली तिला नंतर बघू! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण वाचन चाललेलं, गप्प बसले.

नाव, नाव, नाव. सात पिढ्या खाली आल्या. “…त्याच्या पोटी दोघं. थोरला वीरण्णा, धाकटा रामलिंग. वीरण्णाचं घर बंद. रामलिंगाच्या पोटी सिद्धेश्वर. सिद्धेश्वराच्या पोटी अमरेश.”

“थांब,” अव्वा म्हणाली. “बंद म्हणजे?”

हेळवी जरा चाचरला. “पोरगा न्हाई ना अव्वा. पोरगा नसला की घर बंद लिहायचा रिवाज हाय.”

“बंद कुठाय? तारी रोज सकाळी सातला उघडती की.”

“ते दुकान झालं अव्वा. घराणं वेगळं.”

मी ह्यांच्याकडं बघितलं. मूग गिळून पत्र्याकडं बघत बसलेले. ज्या बाईनं घास भरवून मोठं केलं, तिच्या तोंडावर तिचं घर बंद म्हणून वाचलं जातंय, आणि हे रिटायर हेडमास्तर वासे मोजून राहिले! मी कोपर मारलं. तेव्हा कुठं तोंड उघडलं, आणि काय बोलले ऐका.

“अव्वा, तू नाराज होऊ नको. आपण अमरेशला वीरण्णाकाकाच्या घरात दत्तक दाखवू. म्हणजे घर चालू झालं.”

आणि असं सगळ्यांकडं बघितलं, जसं काही मोठं दान केलं. अमरेश म्हणाला, “गुड आयडिया पप्पा.” हेळव्यानंही मान डोलावली.

अव्वा ह्यांच्याकडं वळली. “सिद्धू, माझी पोरगी जित्ती असताना मी पोरगं उसनं घेऊ?”

“तसं न्हाई अव्वा, वहीपुरतं…”

“वहीपुरतंच विचारायली मी बी.”

हेळव्यानं विषय बदलला, विभूतीचं ताट अव्वापुढं सरकवलं. “असू द्या. बाळाचं नाव तर चढवू. लावा अव्वा, तुम्हीच थोरल्या.”

अव्वानं दोन्ही हात मांडीत घेतले. “माझं घर बंद हाय ना तुझ्या वहीत? मग बंद घरातली बाई थोरली कशी? कुलपातनं हात बाहेर कसा काढू?”

हेळव्यानं ताट माझ्याकडं वळवलं. “ताई, मग तुम्ही लावा. त्यांच्यामागं तुम्हीच.”

“लाव अंबिका,” हे म्हणाले. “उशीर होऊन राहिला.”

मी म्हणले, “न्हाई.”

“म्हणजे? माझा नातू वहीत येणार न्हाई?”

“येऊ नका देऊ! तुम्ही चार वर्षांचे होता तेव्हा कुणाच्या घरात वाढलात? बंद घरात? कुणाच्या चुलीवरची भाकरी खाल्ली? लाज कशी वाटत न्हाई हो दत्तक-बित्तक बोलायला? तारामतीच्या ताटातलं अर्धं तुम्ही खाल्लंय, आणि तिचंच नाव लिहा म्हणताना जीभ अडती?” मला थांबताच येईना. हेळव्यालाही सोडलं न्हाई. “आणि तुम्ही हो, पिठलं खाताना न्हाई वाटलं घर बंद हाय म्हणून?”

“माझ्या बापानं कधी पोरीचं नाव लिहिलं न्हाई, ताई,” तो हळूच म्हणाला.

“बापानं शिवम्माचं लिहिलंच की!”

ह्यांचा चेहरा उतरला होता. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग अव्वाकडं न बघताच म्हणाले, “लिहा. वीरण्णाच्या पोटी तारामती.”

हेळव्यानं ‘बंद’ वर रेघ मारली आणि लिहिलं. लिहून मोठ्यानं वाचलं.

“आणखी एकदा वाच,” अव्वा म्हणाली. त्यानं परत वाचलं. अव्वानं पदर डोळ्याला लावला. मलाही रडू आलं, आणि खरं सांगते, छाती फुगली माझी. म्हणलं, बघा, आज मी करून दाखवलं.

ताट परत अव्वापुढं आलं. तिनं तीन बोटं विभूतीत बुडवली आणि हात तसाच धरून मला विचारलं, “अंबिका, सिद्धूच्या पोटी कोण कोण?”

“अमरेश,” मी म्हणले.

“आणखी?”

मला कळेचना. “आणखी कोण? आता बाळ. अमरेशचं.”

अव्वानं नुसतं दाराकडं बघितलं. दारात पुनम उभी होती, गाडीची किल्ली हातात. अंधारापासून गाडी चालवून दमलेली, सगळं वाचन तिनं तिथंच उभं राहून ऐकलं होतं. माझी नजर तिच्या नजरेला भिडली आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. एवढा वेळ मी दुसऱ्याच्या पोरीसाठी भांडले, शिवम्मासाठी भांडले. आणि माझ्या पोटची पोरगी त्या वहीत न्हाई, हे एकतीस वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं.

“आधी पुनम लिही,” अव्वा हेळव्याला म्हणाली. “मग बाळाचं बघू.”