उलटी टांगलेली कोरफड

नवऱ्याचं घर सोडताना मी दोनच गोष्टी उचलल्या. कपड्यांची बॅग आणि तेलाच्या डब्यात लावलेली कोरफड. ती मी लावली होती, म्हणून माझी. एसटीत डबा मांडीवर होता. कंडक्टरनं विचारलं, "बाई, याचं हाफ तिकीट काढू काय?" मी म्हटलं, "काढा, पण मंग खिडकीची सीट द्या त्याले." त्या दिवशी हसले ते तेवढंच.

माहेरी, मेडशीला, आईनं डबा अंगणात ठेवून घेतला, मलाही ठेवून घेतलं. दोन महिन्यांनी वहिनीला मुलगी झाली. बाराव्या दिवशी सकाळी पाहते तर डबा रिकामा. माझी कोरफड मुळांसकट उपटून, काळ्या दोऱ्यानं दाराच्या चौकटीला उलटी टांगलेली. नजर लागू नये म्हणून आमच्याकडे टांगतातच. तरी मी विचारलं, "कोनाची नजर, आई?"

आई तांदूळ निवडत राहिली. "लोकं काईबाई बोलतेत. लेकराले जपाच लागते."

लोक मला टाकलेली म्हणत होते. साफ खोटं. मला कुणी टाकलं नव्हतं, मी सोडून आले होते. बाळाला घेऊ नको असं घरात कुणी म्हणालं नाही. फक्त मी हात पुढे केला की बाळाला भूक लागायची.

मला फार राग यायचा. कोरफड दाराशी लटकून सुकत होती. ना माती, ना पाणी. पानं बारीक, तपकिरी झाली, पण शेंडे हळूहळू वळून वर आभाळाकडे गेले. उन्हाळा लागला तेव्हा भर दुपारी मी स्टूल घेतलं आणि सगळ्यांसमोर विळ्यानं दोरा कापला.

"काहून काढून राह्यली? नजर लागन पोरीले!" आई ओरडली.

"लागू दे. माह्यी नजर कशी लागते ते मलेई पाहू दे."

दाराशेजारीच मातीत सरळ लावली. कुणी उपटेल म्हणून आठवडाभर खाट तिच्याजवळच टाकली. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिला पाच पिल्लं फुटली. गल्लीतल्या बाया केसांना लावायला पानं मागायला येऊ लागल्या. माझ्याबद्दल बोलणाऱ्या त्याच. मी द्यायची, पण दोन शब्द ऐकवून.

मग एक दिवस वहिनी आली. "बाई, एक पान द्या ना. पोरीचं अंग घामोळ्यानं भरलं."

मी पान कापलं, पिवळा चीक निथळायला वाटीत उभं ठेवलं. तो चीक खाजतो. मग साल काढून गर धुतला. वहिनीनं हात पुढे केला. मी दिला नाही.

"मीच लावतो. पोरीले माह्या मांडीवर द्या."

वहिनीनं आईकडे पाहिलं. आईनं माझ्याकडे पाहिलं, मग दाराच्या रिकाम्या चौकटीकडे.

"दे तिच्याजवळ," आई म्हणाली.

पाठभर गर लावून होईपर्यंत पोर माझ्या मांडीवर होती. त्या दिवशी तिला भूक लागली नाही.