बीकॉमला एक दगड

बीकॉमच्या पदवीला आता हिशेबाबरोबर दुसऱ्या शाखेचाही एक विषय घ्यावाच लागतो. मी नाव नोंदवायला पोचले तोवर योग आणि चित्रकलेच्या जागा संपल्या होत्या. उरलं होतं भूशास्त्र, म्हणजे दगडमातीचा अभ्यास. त्यात मी चक्क नापास झाले. कळंबोलीच्या एका लोखंड व्यापाऱ्याकडे हिशेबाची नोकरी ठरली होती, पण पदवी हातात आली तरच. आणि पदवी अडली होती दगडावर! माझं डोकंच फिरलं.

"बाय, तुला हिशोब शिकाला धाडली ना? मंग दगड कशाला?" बाबा म्हणाले.

दुसऱ्या खेपेच्या परीक्षेला भूशास्त्राच्या मॅडमनी सांगितलं, आपल्या दारातला दगड आणा आणि तो तिथे कसा आला ते तोंडी सांगा. मी उलव्याच्या आमच्या अंगणातला एक काळा दगड उचलला. विमानतळासाठी जुनं गाव उठलं, तेव्हा मिळालेल्या प्लॉटवरचं हे घर. गावामागचा डोंगरही तेव्हाच सुरुंग लावून फोडला. बाबा त्याबद्दल एवढंच बोलायचे, "डोंगर गेला."

परीक्षेत मी ठोकून दिलं, की हा दगड तिथलाच.

मॅडम हसल्या. "तिथे खाली खाडीचा चिखल. हा काय चालत आला?" दगडाच्या छिद्रांत पांढरे स्फटिक चमकत होते, ते त्यांनी दाखवले. "शोधून काढ. पुढच्या आठवड्यात परत ये."

राग आला, पण उत्सुकता त्याहून मोठी होती. असे चमकणारे दगड मी लहानपणी फ्रॉकच्या ओच्यात भरून आणायचे. कुठून, तेही आठवत होतं. घरी जाऊन बाबांना विचारलं, "आपल्या प्लॉटवर आधी काय होतं?"

"पानी. गुडघाभर. मंग डंपर आले, भराव टाकला."

"डंपर कुठून यायचे?"

बाबा सांगायला लागले आणि मधेच थांबले. हा विचार त्यांनीही कधी केला नव्हता. माझ्या हातातला दगड घेऊन ते उलटसुलट बघत राहिले.

"म्हंजी आपला डोंगर हितंच हाय?"

मला एकदम रडू फुटलं. मॅडमना मी हेच सगळं सांगितलं आणि पास झाले. नोकरीही लागली.

अंगणात तंबाखू थुंकायची बाबांची जन्माची सवय. आई सांगून सांगून थकली होती. दगड ओळखला त्या संध्याकाळपासून ते थुंकायला गेटबाहेरच्या गटारापर्यंत चालत जातात.