व्याहीभेट आणि माझा बॅटरीचा हात

माझ्या लेकीच्या लग्नात व्याह्यांचं धोतर भर मांडवात सुटलं, आणि ते मी सोडलं. मुद्दाम नाही, पण सोडलं.

माझा उजवा हात बॅटरीवर चालतो. खरा कडबाकुट्टीच्या यंत्रात गेला. उरलेल्या हाताचा एक स्नायू आवळला की बोटं मिटतात, दुसरा आवळला की उघडतात. नऊ वर्षं मी त्यानं चहा पितो, बटणं लावतो आणि दिसेल त्याला करामत दाखवतो. (अंडंसुद्धा न फोडता उचलतो! फुटली तेवढी मोजायची नाहीत.)

लग्नाच्या सकाळी बायको म्हणाली, "आवं, उकाडा लय हाय. घाम आला की त्यो हात ऐकत न्हाई. ठेवा की काढून!"

लेकही म्हणाली, "पप्पा, आजच्या दिवस नको ना."

मी ऐकतोय कुठला! कवठे महांकाळच्या पाहुण्यांवर छाप पाडायची होती.

व्याहीभेट सुरू झाली. नानांनी, म्हणजे माझ्या व्याह्यांनी, कडकडून मिठी मारली. मीही मारली. दाबानं बोटं मिटली, ती नेमकी नानांच्या पाठीमागं, धोतराच्या कासोट्यावर! उघडायला गेलो. आत घामाच्या धारा. उघडेना!

"पावणं, बास की आता," नाना कानात म्हणाले.

"सुटंना."

"काय सुटंना?"

"हात. तुमचा कासोटा धरलाय त्यानं."

"आरं द्येवा!" म्हणून नानांनी मला आणखी घट्ट धरलं. लांब झालो असतो तर संपलंच होतं.

मांडवाला वाटलं, काय ही माया! बायकांनी पदर डोळ्यांना लावले. फोटोवाला ओरडला, "असंच थांबा!" (दुसरं काय करत होतो आम्ही?) मी जितका घाबरलो तितका घाम, आणि तितकी मूठ घट्ट.

शेवटी बायको धावली. तिनं मागून पंजा मनगटापाशी फिरवला आणि खट्कन काढला. मी मोकळा झालो. पंजा मात्र नानांच्या मागं लोंबत राहिला. नाना दोन पावलं चालले आणि त्या वजनानं कासोटा निसटला. आत पट्ट्यापट्ट्यांची चड्डी होती. सगळ्या मांडवानं पाहिली.

मी लेकीकडं बघितलं. खोलीच्या दारात उभी राहून ती ढसाढसा रडत होती. माझ्या मिरवण्यापायी पोरीचं लग्न मोडतंय, असं वाटलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नाना धोतर पोटाशी कवटाळून तसेच तिच्यापुढं गेले. "डोळं पूस, पोरी. लगीन मोडाय मी काय खुळा हाय व्हय? एवढं घट्ट धरणारा व्याही कुठं गावायचा?"

अक्षता पडल्या. मी शेवटच्या रांगेत, खांबाआड होतो.

नाना थोर माणूस. त्या दिवसाबद्दल आजवर एक शब्द बोललेले नाहीत. फक्त मी येणार म्हटलं, की जन्मभर धोतर नेसलेला तो माणूस पॅन्ट घालून बसतो. वर पट्टा.