पातळ तेल कोणासाठी

पेनाला टोपण लावायचं, पेन टेबलावर ठेवायचं, समोरच्याच्या तोंडाकडे नीट पाहायचं आणि विचारायचं, "काहून?" हे तिचं रोजचं होतं. भांडण काढायला विचारायची नाही. तिला खरंच कारण हवं असायचं, आणि ते मिळेपर्यंत पेनाचं टोपण काही निघायचं नाही.

अमरावतीत गाड्यांच्या एका शोरूममागे वर्कशॉप आहे, तिथं मी स्पेअर पार्टच्या खिडकीत बसतो. फिल्टर, बेल्ट, ऑइल, सगळं माझ्या हातून जातं. तिचं टेबल माझ्या खिडकीच्या अगदी समोर होतं. गाडी घेऊन आलेल्या माणसाचं ऐकून घ्यायचं, मेकॅनिकला काम समजावायचं, आणि गाडी परत देताना काय केलं ते सांगायचं, हे तिचं काम. तुम्हीही कधी गाडी सर्व्हिसिंगला दिली असेल, तर अशी मंडळी पाहिली असतील. इस्त्रीचा शर्ट, तोंडात साखर, आणि दोन वाक्यांत तुमची बोळवण. हिच्याकडे इस्त्रीचा शर्ट तेवढा होता.

मूळची अकोल्याची. इथं खोली करून राहायची, शनिवारी घरी जायची. बोलणं अस्सल वऱ्हाडी, ते तिनं कोणासाठी बदललं नाही. पुण्याहून बदलून आलेले एक बँकेचे साहेब एसी थंड करत नाही म्हणून तावातावानं आले. ती त्यांच्यासोबत गाडीतून एक चक्कर मारून आली आणि म्हणाली, "तुमी मागची काच उघडी ठेवून राहिले, एसी काय करन?" साहेबांनी बाई उद्धट आहेत म्हणून तक्रार केली. पुढच्या सर्व्हिसिंगला मात्र मुकाट्यानं तिच्याच टेबलासमोर येऊन बसले.

तेलाचं प्रकरण सुरू झालं ते नवीन गाड्या आल्यावर. त्यांच्या इंजिनात पातळ तेल टाकायचं असतं. जुने ड्रायव्हर ते दोन बोटांत चोळून पाहायचे आणि हे तर पाणी आहे म्हणून नाक मुरडायचे. अशा वेळी काय बोलायचं याचं एक वाक्य आम्हाला पाठ करून दिलं होतं: "इंजिनाच्या आयुष्यासाठी हेच तेल लागतं." कंपनीचे एक साहेब पुण्याहून ट्रेनिंगला आले, त्यांनीही तेच वाक्य फळ्यावर लिहिलं. लागलंच तिच्या पेनाला टोपण.

साहेब म्हणाले, घर्षण कमी होतं. ती म्हणाली, मग गाडीच्या पुस्तकात दुसऱ्या नंबरवर जाड तेलही चालतं असं छापलंय, ते काहून? साहेबांनी पाणी मागवलं. पण माणूस प्रामाणिक होता. खडू ठेवला आणि सरळ सांगितलं. सरकारचा नियम आहे. कंपनी वर्षभरात जेवढ्या गाड्या विकते, त्या सगळ्यांची मिळून इंधनाची सरासरी एका मर्यादेत बसावी लागते. नाही बसली तर दंड. पातळ तेलानं इंजिन जरा हलकं फिरतं, थोडं पेट्रोल वाचतं. एका गाडीत ते तुम्हाला कळणारही नाही, पण लाखो गाड्यांचा हिशोब केला की फरक पडतो. म्हणून पातळ तेल पहिल्या नंबरवर. त्यानं इंजिन खराब होत नाही, पण तेवढ्या कारणानं जाड तेल वाईटही ठरत नाही.

तिनं टोपण काढलं आणि लिहून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून पाठ केलेलं वाक्य तिच्या टेबलावर बंद झालं ते झालंच.

आता तुम्हाला वाटेल बाई पातळ तेलाच्या विरोधात गेली. छे! अंजनगाव सुर्जीचे एक व्यापारी नवीकोरी गाडी घेऊन आले आणि ट्रॅक्टरमध्ये टाकतो तेच तेल यात टाका म्हणून हटून बसले. त्यांना तिनं असं काही झापलं की मी खिडकीत तोंड लपवून हसत होतो. या इंजिनात तेलाच्या वाटा बारीक आहेत, हिवाळ्यात सकाळी गाडी सुरू केली तर ते जाड तेल वरपर्यंत पोचेल कधी, असं तिनं त्यांनाच विचारलं. कंपनीची बाजू घ्यायची नाही आणि गिऱ्हाइकाचीही नाही, अशी तऱ्हा. मॅनेजर सर वैतागायचे. ताई, लोकांना एवढं सांगायची गरज नाही, एकच वाक्य ठेवा म्हणायचे. ती म्हणायची, ते वाक्य अर्धं आहे सर, मी पुरं सांगते.

भातकुलीचे एक भाऊ होते. कर्ज काढून सात सीटची गाडी घेतली होती आणि तीच भाड्यानं चालवायचे. घरात कमावणारी ती एवढी एकच गोष्ट. मे महिन्यात लग्नाचं वऱ्हाड कोंबायचं, वर कॅरिअरवर सामान, एसी सुरू, आणि आपल्याकडचं ऊन तर तुम्हाला माहीतच आहे. तिनं त्यांच्यापुढे गाडीचं पुस्तक ठेवलं. उन्हात लोड घेऊन फिरत असाल तर जाड तेल चालतं असं यात आहे, मायलेज जरासं कमी मिळेल, काय करायचं ते तुम्ही ठरवा, म्हणाली. भाऊंनी डोकं खाजवलं, तुम्ही म्हणता तर टाका म्हणाले. त्या तेलाचा डबा मीच खिडकीतून दिला.

पावसाळ्याच्या तोंडावर ती गाडी दुसऱ्या गाडीला दोर बांधून ओढत आणली. इंजिन जाम. उघडून पाहिलं तर आतला ऑइल पंप तुटलेला. गाडी वॉरंटीत होती, पण जाड तेल दिसल्यावर कंपनीनं फाटे फोडले आणि तपासायला ट्रेनिंगवाल्या त्याच पुण्याच्या साहेबांना पाठवलं.

साहेब यायच्या आधी सरांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये घेतलं. आपल्या सांगण्यावरून ते तेल टाकलं असं निघालं, तर खर्च वर्कशॉपच्या गळ्यात पडणार. तेव्हा एवढंच म्हणायचं, की गिऱ्हाइकानं हट्ट केला, आपण तर नाही म्हणत होतो. सर वाईट माणूस नाहीत, त्यांच्या डोक्यावरही मालक बसलेला आहे. पण ते ऐकून माझं तोंड कडू झालं. तिनं पेनाला टोपण लावलं, आणि या वेळी काहीच विचारलं नाही.

इंजिन टेबलावर खोलून ठेवलं होतं. भाऊ बाजूला उभे, दुपट्ट्यानं उगाच हात पुसत होते. जाड तेल कोणी टाकायला लावलं, असं साहेबांनी विचारलं. गिऱ्हाइकाचा हट्ट होता, असं सर बोलून मोकळे झाले.

भाऊंनी एकदा सरांकडे पाहिलं, एकदा इंजिनाकडे. मग खाली मान घालून म्हणाले, "असन साहेब. मीच बोललो असन."

एवढा मोठा माणूस, न केलेली चूक आपल्या अंगावर घ्यायला तयार झाला होता. का, तर समोरचे सगळे शिकलेले, इस्त्रीवाले. मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला, साहेबांचा, सरांचा, भाऊंचासुद्धा.

"नाही भाऊ," ती पुढे झाली. "तुमी नाही बोलले. मी सांगतलं, पुस्तक दाखवून सांगतलं." मग साहेबांकडे वळली. "साहेब, जाड तेलानं हा पंप तुटते का?"

साहेब तुटका तुकडा हातात फिरवत राहिले. "नाही," ते म्हणाले. "ओतकामातच दोष दिसतोय, कारखान्यातला."

"मंग पातळ तेल पहिल्या नंबरवर काहून हाय?"

"मायलेजसाठी. मीच सांगितलं होतं तुम्हाला."

"ते आता इथं, सगळ्याईसमोर सांगा."

आणि साहेबांनी सांगितलं. सगळे मेकॅनिक हातातलं काम टाकून ऐकत होते. मग मीही खिडकीतून ओरडून सांगितलं, की तेलाचा डबा मी दिला आणि ताई बोलली ते शब्दन्‌शब्द खरं आहे.

दुरुस्ती वॉरंटीत मंजूर झाली. दुसऱ्या दिवशी तिचं टेबल मागच्या खोलीत गेलं. तिथं फक्त इन्शुरन्सचे कागद लावायचे, गिऱ्हाइकांशी बोलायचं नाही. तिनं ती खोली पाहून घेतली आणि सरांना म्हणाली, "बोलायचं नाही, तं मंग पगार कायचा घेऊ?" दुपारपर्यंत आवराआवर करून गेलीसुद्धा. मी चहाला थांब म्हणालो, थांबली नाही. मला रडू येत होतं आणि छाती फुगली होती, दोन्ही एकदम.

भाऊंची गाडी तयार झाली त्या दिवशी ते एकटे आले नाहीत. ही सोबत होती, साध्या पंजाबी ड्रेसमध्ये. बाहेरच्या माणसांना आत येता येत नाही, असं सर म्हणाले. मी गिऱ्हाइकासंगं आली, एवढंच बोलून ती चालत राहिली. इंजिन सुरू झालं तेव्हा बॉनेटशी कान देऊन उभी राहिली, आणि समाधान झाल्यावर पुढच्या सीटवर जाऊन बसली. भाऊ तिला अकोल्याला सोडून पुढे भाड्याला जाणार होते.

चावी द्यायला सर स्वतः आले. भाऊंनी चावी घेतली आणि विचारलं, "सर, आता याच्यात तेल कोनतं टाकू?"

"इंजिनाच्या आयुष्या..." सरांनी सुरुवात केली आणि त्यांची नजर गाडीच्या उघड्या खिडकीवर गेली. ती त्यांच्याकडे बघतही नव्हती. समोर गेटकडे पाहत शांत बसली होती.

सरांनी घसा साफ केला. "पातळ तेल मायलेजसाठी असते, भाऊ," ते म्हणाले. "उन्हाळ्यात गाडी भरून चालवणार असाल तर जाड टाका. चालते. पुस्तकात आहे."

मग तिनं काच वर केली.