जावळाला गेलेली सायकल

सायकलवर बसून आडरानात फिरायचं आता लोकांना फार कौतुक आहे. माझी नातवंडं सुट्टीच्या दिवशी डोक्याला टोपी चढवून डोंगरातल्या रस्त्यांवर जातात आणि येऊन सांगतात, आजी, काय शांत असतं तिकडे. मला विचाराल तर, त्या रस्त्यांचं नाव काढलं तरी माझ्या तोंडाला कडू पाणी सुटतं.

दुष्काळ उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. नवरा सोलापुरात गिरणीत होता. त्याने नवी सायकल घेतली आणि त्याचं डोकं फिरलं. हँडलला गोंडे, चाकाच्या तारांत रंगीत मणी, पुढे डायनामोचा दिवा. एक घंटी पुरेना म्हणून दोन घंट्या. सुट्टी आली की गिरणीतलं टोळकं घेऊन कधी तुळजापूर, कधी मंगळवेढा करून यायचा आणि आल्या आल्या पाय माझ्यापुढे करायचा, चेप म्हणून. धुळीने माखलेले, घामाने चिकट झालेले पाय. आधी मोरीत धुऊन या, म्हणायचे मी.

त्याची एकच बहीण. ती बार्शीच्या अंगाला, डोंगरातल्या एका खेड्यात दिली होती. तिच्या मुलाचं जावळ काढायचं ठरलं. आमच्यात पोराचे पहिले केस कापताना पोर मामाच्या मांडीवर लागतं. मामाने मांडी दिल्याशिवाय न्हावी कात्री लावत नाही. बारशाला हा गेला नव्हता, कारण त्या दिवशी टोळकं अक्कलकोटला निघालं होतं. म्हणून या वेळी नणंदेच्या सासूने माणूस पाठवून निरोप दिला, "जावळाला मामा आला न्हाय, तर पोरीला म्हायेर न्हाय असं आमी धरू. मग दिवाळीला न्ह्यायला येऊ नगा, आमी धाडणार न्हाय." ती बाई बोलेल ते करणारी होती. थोरल्या सुनेचं माहेर तिने असंच तोडलं होतं.

नणंदेचा मला काही पुळका नव्हता. तोंडाने फटकळ होती ती. पण माझं लग्न झालं त्या वर्षी तिनेच मला चाळीमागच्या पटांगणात सायकल शिकवली होती. तासाच्या भाड्याची सायकल आणायची, लुगड्याचा कासोटा घट्ट मारायचा आणि दांडीवरून टांग टाकायची. मी पडले की ती पोट धरून हसायची, उचलायला यायची नाही. माझ्या सासूला कळलं तेव्हा मात्र नणंदेने सगळं स्वतःवर घेतलं आणि एकटीने मार खाल्ला. ते मी विसरले नव्हते.

"फाट्यापर्यंत एसटी जाते. एसटीने जाऊ," मी म्हटलं.

"मामा एसटीतनं उतरून पायी जाणार व्हय?" नवरा म्हणाला. "सायकलीवर जाईन. गाव बघत ऱ्हाईल."

पहाटे निघालो. मी मागे कॅरिअरवर, मांडीवर आहेराचं गाठोडं. त्यात पोराचं झबलं-टोपडं, नणंदेला लुगडं, नारळ. शहर संपलं तशी रस्त्याच्या दोन्ही कडांना टमरेल घेऊन बसलेली माणसं लागली. दिवा अंगावर पडला की पटापट उभी राहायची, दिवा पुढे गेला की पुन्हा बसायची. मैलभर हाच देखावा. मी पदर नाकाला लावला, तर पुढे नवऱ्याची घामेजली पाठ. तो मधून मधून थुंकायचा आणि वारा ते माझ्याकडे आणायचा. वाटेतल्या एकेका हॉटेलापुढे हा थांबला. दोन्ही घंट्या वाजवायच्या, चहा मागवायचा, लोकांना दिवा दाखवायचा. उजेडात दिवा काय दिसणार? म्हणून चाक हाताने फिरवून दाखवायचा.

फाट्यावर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. तिथे झाडाखाली शिंदीवाला बसला होता आणि त्याच्याभोवती गिरणीतून काढलेले याचे दोन सोबती.

"एक गिलास. ऊन बाधत न्हाय त्यानं," नवरा म्हणाला.

एकावर तो कधी थांबलाय! थोड्या वेळाने तो तिथेच आडवा झाला. मग स्वतःच्या सदऱ्यावर ओकला. माश्या आल्या. सोबती हसत राहिले.

"अहो, उठा. न्हावी थांबायचा नाही."

"थांबतुया," डोळे न उघडता म्हणाला. "माज्याबिगर कात्री लागतीया व्हय? मामा हाय मी."

मी कासोटा घट्ट केला, गाठोडं कॅरिअरला बांधलं आणि सायकल काढली. मागून सोबत्यांपैकी एक ओरडला, "ओ वैनी, दिवा लावा की!"

फाट्यापुढचा रस्ता दुष्काळी कामावरचा. बायाबापड्यांनी उन्हात बसून फोडलेली खडी पसरून ठेवलेली, रोलर कधी आलाच नव्हता. चाक एकीकडे जायचं, मी दुसरीकडे. दोन्ही बाजूंना बोडक्या टेकड्या, पाण्याने खरवडून काढलेल्या घळी. लूत लागलेल्या कुत्र्याची पाठ दिसते तसा तो माळ. काढून नेलेल्या ज्वारीची धसकटं तेवढी उभी. चढ आला की उतरून ढकलायचं, उतार आला की ब्रेक दाबून जीव मुठीत धरायचा. एका घळीत मेलेला बैल पडला होता आणि कुत्री त्याच्या पोटात डोकं घालून होती. वास पुढच्या टेकडीपर्यंत सोबत आला. शांत होतं म्हणे. शांतच होतं. कुत्र्यांच्या चपचप खाण्याचा आवाज ऐकू येत होता.

एका चढावर मेंढक्या भेटला. काठीला हनुवटी टेकून बघत राहिला.

"काय गं बाई, दाल्ला कुटाय?"

"मेला," मी म्हटलं.

"आन् सायकल ठिवून गेला? बरा व्हता की मग!"

पुढच्या उतारावर चेन पडली. वंगणात बोटं घालून चढवली, पुन्हा पडली, पुन्हा चढवली. कोपरापर्यंत काळी झाले. लुगड्याला पुसायची सोय नव्हती, ठेवणीतलं नेसले होते.

गावाबाहेर सटवाईच्या माळावर, जावळाच्या जागी पोचले तेव्हा बोकड कापून झाला होता आणि न्हावी धोकटी आवरत होता. नणंद पोराला कडेवर घेऊन वाटेकडे बघत उभी होती. तिची सासू मिश्रीची पिंक टाकून म्हणाली, "मामा कुटाय?"

"मागे येतोय."

"किती मागं?"

मी कॅरिअरवरचं गाठोडं सोडायला लागले. बायकांत कुजबुज झाली. पोराला घ्यायला मी हात पुढे केले तर एकीने मला ढकललं. "काळं हात लावू नगंस लेकराला!" पाणी कुणी विचारलं नाही. न्हावी म्हणाला, "मला फुडल्या गावाला जायाचंय. मामा न्हाय तर सांगा, मी निगालो."

"निगा," सासू म्हणाली. "हिला म्हायेर न्हाय. आता सगळ्यांनी बगितलं."

नणंद रडली नाही. पोराला तेवढं घट्ट धरलं तिने. तेव्हा तिचा सासरा, जो आतापर्यंत बोकडाशेजारी विडी ओढत होता, उठून सायकलीपाशी आला. घंटी वाजवून बघितली.

"ही मामाचीच न्हवं?"

"त्यांचीच," मी म्हटलं.

"मग झालं की. नवरा न्हाय आला तर तलवारीसंगं लगीन लागायचं. मामाची सायकल आलीया, तर सायकलीच्या मांडीवर जावळ का व्हऊ नये?"

सासू काहीतरी पुटपुटली, पण बोकड शिजायला लागला होता आणि लोकांना भूक लागली होती. सगळ्यांना ते पटलं. सायकल स्टँडवर उभी केली. मामासाठी आणलेला फेटा हँडलला बांधला. दिव्याला कुंकू लावलं, पुढच्या चाकापाशी नारळ फोडला. पोराला हँडलजवळ दांडीवर बसवून मागून एकाने धरलं. पोराने दोन्ही घंट्या वाजवल्या आणि न्हाव्याने कात्री लावली. बायकांनी सायकलीला ओवाळलं. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी एका दगडावर बसून ताटाची वाट बघत होते. बायकांची पंगत शेवटी बसली, रश्शात हाडं उरली होती.

नणंद तेवढी ओवाळून माझ्याजवळ आली. माझ्या हातांकडे बघून म्हणाली, "चेन पडली व्हती व्हय, वैनी?"

"दोनदा."

"कासोटा ढिला मारलायस," ती म्हणाली आणि पाण्याचा तांब्या ठेवून गेली.

नवरा दुपार कलल्यावर बैलगाडीतून आला. आंबट वास मारत होता. सासऱ्याने हँडलचा फेटा सोडून त्याच्या डोक्याला बांधला. पोराला त्याच्या मांडीवर बसवलं. मग राखून ठेवलेलं काळीज वाटीत घालून त्याला वाढलं आणि तो बोटं चाटत लोकांना सांगू लागला की रस्ता लई वंगाळ, सायकल जपून आणावी लागली. आणली कुणी, ते कुणी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

दिवाळीला नणंद आली. तिच्या सासूने कुरकुर न करता धाडलं. पोराला सायकल दिसली की "मामा, मामा" करून तो घंटी वाजवायचा आणि नवऱ्याकडे पाठ करायचा. फराळाला चाळीतली माणसं जमली तेव्हा नवऱ्याने पुन्हा त्या रस्त्याची गोष्ट काढली. खडी, घळी, ऊन. नणंदेने ऐकून घेतलं आणि विचारलं, "दादा, चेन कुटं पडली रं तुजी?"

"चेन? चेन कशाला पडंल? नवी सायकल हाय."

नणंद इतकी हसली की तिला ठसका लागला. लोकांना कळेना काय झालं. विषय बदलायला नवरा मला म्हणाला, "जावळाचा फेटा काढ गं. दाखवू ह्यास्नी."

फेटा चुलीपाशी होता. त्या गावाहून परत आल्यावर मी तो फाडला होता. निम्म्याने चेन पुसली होती, निम्म्याने भाकरीचा तवा उतरवत होते. मी ते फडकं आणून सगळ्यांसमोर त्याच्या मांडीवर टाकलं.