पायांनी वळणारं विमान
जळक्या रबराचा वास आला की आमच्या मुलुंडच्या सोसायटीचं अंधारं पार्किंग आठवतं. घरच्या कॉम्प्युटरवर विमान उडवायला मी योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, घ्यायला गेलो होतो. दुकानदार म्हणाला, "नवीन आहात, पेडल्स नंतर घ्या." पण मी पडलो कॅप्टन! जमिनीवर विमान पायांनी वळतं, म्हणून पेडल्सही घेतली आणि उजवीकडे वळायला उजवं पेडल दाबायचं, हे महिनाभर पायांत घोटवलं. मग एका सकाळी पार्किंगमधून गाडी काढताना, शेजारी बायको बसलेली, उजवं वळण आलं. माझे हात स्वस्थच. उजवा पाय मात्र निवांत ॲक्सिलरेटर दाबत गेला. समोरचा खांब मोठा होऊ लागला. "अरे, हात वळव ना!" ती किंचाळली. करकचून ब्रेक लागला, टायर घासून जळका वास सुटला, तेव्हा खांब वीतभर उरला होता. पेडल्स विकली, पण अजूनही वळण आलं की ती रस्त्याकडे नाही, माझ्या पायांकडे बघते.