टिटवीनं अंडी खाली घातली तेव्हा

आमच्या गावाखाली सावित्री नदीच्या काठाला पाणथळ होती. ती देवीची. तिथल्या पाखराला कुणी दगड मारायचा नाही. लग्न होऊन आले तेव्हा नवरा मुंबईला गिरणीत होता आणि म्हशी माझ्याकडं होत्या. म्हशी चरताना पाखरांशिवाय दुसरं बघणार काय? थंडीत बदकं यायची, शिमग्याच्या सुमाराला निघून जायची. पाणी आटलं की चिखलात बगळे. पावसाळ्यात पाणकोंबड्यांची काळी पिल्लं. टिटवी बारा महिने, आणि तिच्याकडं सगळ्या गावाचं लक्ष. तिनं अंडी उंच बांधावर घातली तर पाऊस दांडगा, खाली तळात घातली तर पाऊस ओढ देणार, असं मानायचे.

एका उन्हाळ्यात सासऱ्यांना अंडी तळात दिसली. त्यांनी ठरवलं, यंदा राब पाणथळीलगतच्या खालच्या तुकड्यात भाजायचा. तिथं फांद्या-शेण जाळून भात पेरलं की पाऊस लांबला तरी रोपांना ओल राहील. आमचं वर्षाचं भात त्या रोपांवर.

पण टिटवीची पहिली अंडी बांधावरच होती. गुरांनी तुडवली, म्हणून ती खाली गेली. मी बघितलं होतं. सासऱ्यांशी सुनेनं बोलायची रीत नव्हती, म्हणून चुलीपाशी सासूला सांगितलं. ओटीवर सासऱ्यांनी ऐकलं.

"तिला सांग, पाऊस टिटवीला कळतो. म्हशी राखणारीला नाय."

सासू म्हणाली, म्हशींकडं बघायला धाडली, तर ही पाखरांकडं बघत बसते.

आषाढात रोपं लावणीला आली आणि नदी चढली. पाणी उतरलं तेव्हा त्या तुकड्यात नुसता गाळ. टिटवीची पिल्लं कधीच चालती झाली होती. तिचं काही बुडालं नाही.

सासऱ्यांनी दारोदार उरलीसुरली रोपं मागितली. त्यात एक खाचर लागलं. वर्षभर नाचणी खाल्ली, ती संपली तेव्हा रानातले करांदे खणून उकडले. धाकटा दीर मुंबईला गेला, तो शेतावर परत आला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सासरे पाणथळीकडं फिरकले नाहीत. एका सकाळी ओटीवरून पहिल्यांदाच सरळ मला म्हणाले, "बघून ये गो, कुठं घातलीत ती."

सगळी पाणथळ फिरले. टिटवी डोक्यावर ओरडत राहिली, पण अंडी दिसली नाहीत. घरी येऊन तसं सांगितलं. राबाच्या फांद्या तोडायला काढलेला कोयता त्यांनी मांडीवर ठेवला.

"मग राब कुठं भाजू?"

मला काय ठाऊक. मी म्हशी सोडल्या.